चित्र हाताबरोबर यावे म्हणून

माझी भाची तिच्या आजीशी, म्हणजे माझ्या आईशी, झालेल्या गप्पांचे चित्रीकरण कापत बसली होती आणि मी शेजारच्या खुर्चीवर होतो. आई एका वाक्यानंतर बराच वेळ गप्प राहते, चष्मा काढते, पदराने पुसते आणि मग पुढचे बोलते. त्या विरामाचा किती भाग ठेवायचा आणि किती काढायचा, एवढेच ठरवायचे होते. भाचीने टाइमलाइनवरचा, म्हणजे क्लिपा ओळीने मांडलेल्या पट्टीवरचा, प्लेहेड (आत्ता कुठले चित्र दिसते ते दाखवणारी रेघ) मागे ओढला. आवाज मागे गेला, चित्र मात्र होते तिथेच थिजून राहिले. आईचा हात चष्म्याकडे निम्मा उचललेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. भाचीने हात उचलला, खिडकीबाहेर पाहिले, थोड्या वेळाने चित्र आपोआप योग्य जागी आले, आणि मग तिने पुन्हा माउस हातात घेतला. तिने तक्रार केली नाही, कपाळाला आठी घातली नाही. पुढच्या दोन-तीन ठिकाणी तर तिने चित्राची वाटच पाहिली नाही. आवाजाच्या लाटेचा आलेख जिथे सपाट होता, तिथे अंदाजाने काप दिला आणि पुढे गेली. नंतर सहज म्हणावे तसे ती म्हणाली, "मामा, नवा संगणक घ्यायचाच झाला तर प्रोसेसर कुठला घेऊ? पैसे बेताचेच आहेत."

मला टोचत राहिले ते तिने थांबण्याची करून घेतलेली सवय. चित्रपट संकलनात काप कुठे द्यायचा हे डोळा आणि हात मिळून ठरवतात. एक फ्रेम, म्हणजे फितीतले एक स्थिर चित्र, अलीकडे घेतली तर वाक्य तुटल्यासारखे वाटते, तीन फ्रेम पलीकडे घेतली तर माणूस उगीच रेंगाळल्यासारखा दिसतो, आणि हे मागेपुढे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. जिच्या हाताबरोबर चित्र येत नाही, ती मागेपुढे करून पाहणे हळूहळू सोडून देते. चित्रफीत पूर्ण होते, पण पाहून दिलेले काप त्यात कमी असतात आणि अंदाजाने दिलेले जास्त.

तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी तिच्या संगणकावर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला आणि तिला प्लेहेड पुन्हा ओढायला सांगितले. प्रोसेसरचा एकूण वापर निम्म्याच्याही खाली होता. आलेख कोअरनिहाय, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांप्रमाणे, मांडून पाहिला तेव्हा एक-दोन चौकोन काठोकाठ भरत होते आणि बाकीचे जवळपास स्वस्थ होते. त्याच खिडकीत ग्राफिक्सच्या पानावर 'व्हिडिओ डीकोड', म्हणजे संकुचित फीत उलगडण्याचे काम, नावाचा एक वेगळा आलेख असतो. त्याची रेघ तळाशी चिकटून होती, तिच्यात एकही उंचवटा उठत नव्हता. संगणकाची बरीच ताकद वापराविना पडून होती आणि तरीही चित्र अडत होते. अधिक कोअरचा प्रोसेसर घेऊन बसवला असता, तर स्वस्थ बसलेल्या चौकोनांत आणखी चार चौकोनांची भर पडली असती.

हे पाहताना मला मिनी डीव्ही टेपचे दिवस आठवले. कॅमेरा फायरवायरच्या तारेने संगणकाला जोडायचा आणि टेप चालू करायची. तासाभराची टेप उतरवायला तासच लागे आणि डिस्कवरची सुमारे तेरा जीबी जागा भरून जाई. प्रोसेसर एकाच कोअरचा, मेमरी आजच्या मानाने नगण्य, पंख्याचा आवाज खोलीभर. पण एकदा फीत डिस्कवर आली की प्लेहेड ओढला तसे चित्र बोटाला बांधल्यासारखे मागेपुढे सरके. उलट चालवावे, एकेक फ्रेम पुढे न्यावी, एखाद्या पापणीच्या मिटण्यावर थांबावे, कुठेही अडत नसे. इफेक्ट दिला की मात्र रेंडर होईपर्यंत, म्हणजे बदललेल्या फ्रेम नव्याने तयार होईपर्यंत, बसून राहावे लागे, रंग सुधारायला घेतले की रात्र जाई. कापण्याचे काम तेवढे हलके होते. आजचा अगदी साधा प्रोसेसरही त्या यंत्राच्या कित्येक पट वेगवान आहे, आणि त्यावर खिशातल्या फोनने घेतलेली क्लिप टाकली तर ती अडखळू शकते. हा उलटा न्याय कसा काय झाला, हे समजून घेतल्याशिवाय प्रोसेसरची निवड करता येत नाही असे मला वाटते.

उत्तर कॅमेऱ्याच्या बाजूला आहे.

१९९५ मध्ये आलेल्या डीव्ही पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे संकुचित केलेली असे. कोणतीही फ्रेम उचलली की ती आपल्यापुरती पूर्ण. २००३ चे एच.२६४ आणि २०१३ चे एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, ही मानके वेगळ्या वाटेने जातात. त्यांत काही फ्रेम पूर्ण असतात आणि त्यांच्यामधल्या फ्रेममध्ये आधीच्या, काही वेळा नंतरच्याही, फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच नोंदलेले असते. एखाद्या वहीत महिन्याच्या पहिल्या तारखेची शिल्लक लिहिलेली असावी आणि पुढे रोजची फक्त जमा-खर्चाची नोंद असावी, तसे हे आहे. सतरा तारखेची शिल्लक विचारली की पहिल्या तारखेपासून आकडे मोजत यावे लागते, आणि मग कोणी सोळा तारखेची विचारली तर पुन्हा आरंभापासून. फीत सरळ चालत असताना हे ओझे जाणवत नाही, कारण हिशेब ओळीने पुढे जात असतो. संकलन करणारा माणूस मात्र ओळीने कधीच जात नाही. तो मागे येतो, उडी मारतो, तीच दोन सेकंदे पुन्हा पुन्हा घासतो. ही पद्धत फीत साठवण्यासाठी आणि पाहण्यासाठी बनली, आणि आपण ती कापायला घेतो.

या पद्धतीने वाचवलेली जागा खरोखर थक्क करणारी आहे. डीव्हीची फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांची. फोर-केची ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपक्यांची, बरोबर वीस पट. तरीही आयफोनच्या सेटिंगमध्ये सेकंदाला तीस फ्रेमच्या फोर-के चित्रीकरणासाठी मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतील असे लिहिलेले असते. तासाचे दहा जीबीच्या आसपास होतात. वीस पट मोठे चित्र जुन्या टेपपेक्षा कमी जागेत मावले. ती जागा फुकट मिळालेली नाही. तिची किंमत प्रत्येक फ्रेम उलगडताना गणिताच्या रूपाने चुकवावी लागते, आणि त्यासाठी सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकाच, म्हणजे तेहतीस मिलिसेकंदांचा, अवधी असतो.

हे गणित एका कोअरच्या वेगावर सोडवता येईल अशी आशा एके काळी होती. पेन्टियम फोरच्या काळात दरवर्षी गिगाहर्ट्झचा आकडा चढे आणि आम्ही तोच वाचून यंत्र निवडत असू. ती चढण ३.८ गिगाहर्ट्झपाशी उष्णतेने अडवली, आणि २००५ मध्ये डेस्कटॉपवर दोन कोअरचे प्रोसेसर आले. तेव्हापासून खोक्यावरचा मोठा आकडा कोअरचा झाला. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते की कामाचा जो भाग एकापाठोपाठ एकच करावा लागतो, तोच शेवटी एकूण वेगाची मर्यादा ठरवतो: कामाचा पाचवा हिस्सा तसा असेल तर कितीही प्रोसेसर जोडा, काम पाचपटीपेक्षा वेगाने होणार नाही. अंतिम फीत तयार करताना, म्हणजे एक्स्पोर्टच्या वेळी, काम पुष्कळ कोअरांत छान वाटले जाते. प्लेहेड ओढून नेमकी एक फ्रेम मागितली की मात्र साखळीतल्या आधीच्या फ्रेम क्रमानेच उलगडाव्या लागतात. टास्क मॅनेजरमधले ते स्वस्थ चौकोन म्हणजे ॲमडाल यांच्या गणिताचे डोळ्यांपुढे चाललेले प्रात्यक्षिक होते.

वाट काढली गेली ती वेगळ्या दिशेने. फ्रेम उलगडण्याचे ठरावीक गणित करण्यासाठी चिपवरच एक छोटा, त्याच कामाला वाहिलेला भाग ठेवायचा. इंटेलने २०११ मध्ये सँडी ब्रिज पिढीपासून तो 'क्विक सिंक' या नावाने दिला. एएमडी आणि एनव्हिडिया यांच्या ग्राफिक्समध्येही तसे भाग आहेत, आणि ॲपलच्या २०२० मधल्या एम१ पासूनच्या चिपांवर फीत कापणे हलके वाटते त्यामागेही अशा भागाचा मोठा वाटा आहे. हा भाग जागा झाला की कोअर मोकळे राहतात, पंखा शांत राहतो आणि चित्र हाताबरोबर येते. भाचीच्या संगणकावर तळाशी चिकटलेली रेघ याच भागाची होती. तिच्या क्लिपा एचईव्हीसीच्या होत्या आणि तिचा प्रोसेसर ते मानक येण्याआधीचा; ते उलगडण्याचे यंत्र त्याच्या अंगातच नव्हते. सारा भार कोअरांवर पडत होता.

म्हणून बेताच्या पैशांत प्रोसेसर निवडताना मी कोअर मोजण्याआधी नावाच्या शेवटचे अक्षर पाहतो. इंटेलच्या नावाअखेरीस 'एफ' असेल तर अंगचे ग्राफिक्स बंद केलेले असते, आणि त्याबरोबर क्विक सिंकही जाते. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या, संगणकावर खेळ खेळणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, आणि म्हणून खेळांसाठी केलेल्या शिफारशींत तो सारखा भेटतो. संकलन करणाऱ्याने ती बचत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे) सारखेच. पण कार्ड नसलेल्या यंत्रात दुसऱ्याने पडदाच उजळत नाही, आणि कार्ड असलेल्या यंत्रातही फीत उलगडणारा एक जादा हात कमी होतो. एएमडीकडे एएम४ सॉकेटवरच्या (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) रायझन ५ ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे, मात्र त्याची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या अंगची छोटी, वेगवान मेमरी, निम्मी, सोळा एमबी आहे. एएम५ वर ७६०० मध्ये छोटे का होईना ग्राफिक्स असते, पण तिथे मेमरी डीडीआर५ च घ्यावी लागते आणि खर्च वर सरकतो. रायझन ७ ५८००एक्स३डी सारख्या थरदार कॅशच्या प्रोसेसरचे खेळांतले आकडे पाहून कोणी मोहात पडेल, तर त्या कॅशचा फीत तयार करण्यात फारसा उपयोग होत नाही हेही लक्षात घ्यावे.

याच्याही एक पायरी खोल जावे लागते, आणि तिथे मी स्वतः बराच वेळ रमतो, कारण ही गोष्ट खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. रंगांची नोंद किती दाट घेतली आहे, यावर चिपवरचे ते छोटे उलगडणारे यंत्र क्लिप हाती घेणार की नाही हे ठरते. फोन साधारणपणे ४:२:० पद्धतीने रंग नोंदतात, म्हणजे चार ठिपक्यांच्या चौकोनामागे रंगाची एक नोंद; ती बहुतेक सगळ्यांना उलगडता येते. पण २०२० पासूनच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ सोनीच्या ए७एस थ्री किंवा कॅननच्या आर५ मध्ये, १०-बिट ४:२:२ एचईव्हीसीची, म्हणजे अधिक रंगछटांची आणि रंगांच्या दाट नोंदीची, सोय आहे. रंग सुधारताना ती फार सुखाची वाटते: आकाशाच्या निळ्यात पट्टे पडत नाहीत, सावलीतल्या चेहऱ्याचा रंग उचलला तरी तो मातकट होत नाही. मात्र तीच क्लिप टाइमलाइनवर टाकली की महागडे ग्राफिक्स कार्ड असलेली यंत्रेही अडखळत, कारण एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ उलगडण्याची सोय २०२५ च्या ५० मालिकेपासून आली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ती अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ पासून, अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे. त्यामुळे काही वर्षे अशी गेली की या एका प्रकारच्या क्लिपेपुढे साधा आय५ मोठ्या कार्डापेक्षा सरस ठरत असे. आपला कॅमेरा काय लिहितो हे ठाऊक नसताना प्रोसेसर घेणे मला म्हणूनच पटत नाही. 'मीडियाइन्फो' हे मोफत साधन क्लिपेवर चालवले की कोडेक (फीत संकुचित करण्याची पद्धत), बिट आणि रंगांची पद्धत तिन्ही समोर येतात. फ्रेमचा वेग स्थिर आहे की फोनच्या सवयीप्रमाणे बदलता, तेही दिसते. त्यापुढे एकच गोष्ट तपासायची राहते, ती म्हणजे आपले संकलनाचे सॉफ्टवेअर त्या छोट्या यंत्राला कामाला लावते का. एकाच सॉफ्टवेअरच्या मोफत आणि विकतच्या आवृत्तीत याबाबत फरक असू शकतो.

भाचीच्या क्लिपा निघाल्या फोनवरच्या, ४:२:०. तिला मी सहा कोअरचा, अंगच्या ग्राफिक्सचा प्रोसेसर सुचवला. बाराव्या पिढीचा, कारण त्या पिढीसाठी डीडीआर४ चे मदरबोर्डही मिळतात. उरलेल्या पैशांतून आधी मेमरी: सोळा जीबी ही माझ्या लेखी फोर-केसाठी किमान पातळी, आणि ती एका पट्टीत घेण्याऐवजी दोन पट्ट्यांत, कारण अंगचे ग्राफिक्स याच मेमरीवर जगते. मग क्लिपांसाठी एसएसडी. आठ कोअरचा मोह तिला झालाच होता. मी नको म्हणालो, आणि म्हणताना थोडे वाईटही वाटले, कारण रंगकाम वाढले, आवाजातला खरखराट काढायचा झाला, चार क्लिपा एकावर एक ठेवायच्या झाल्या, तर जादा कोअर कामाला येतात. पण ज्या पैशांत मेमरी निम्मी करून कोअर वाढवावे लागतात, त्या पैशांत सहाच ठेवावेत.

आणि पैसे अजिबात नसतील तर प्रॉक्सी आहे. मूळ क्लिपेची छोटी, कापायला हलकी प्रत करून तिच्यावर काम करायचे आणि शेवटी सॉफ्टवेअरने मूळ क्लिपा जागेवर आणायच्या. प्रोरेस प्रॉक्सीसारख्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम पुन्हा स्वतंत्र होते; १०८० च्या आकारात सेकंदाला सुमारे ४५ मेगाबिट लागतात, आणि जुन्या यंत्रावरही टाइमलाइन डीव्हीच्या दिवसांसारखी पळते. व्यावसायिक लोक महागड्या यंत्रांवरही प्रॉक्सीवर काम करतात, त्यात कमीपणा काहीच नाही. तरीही माझे मन याबाबत एका बाजूला होत नाही. हौशी माणसाला वेळ तुकड्यांनी मिळतो. रात्री सगळे निजल्यावर तासभर मोकळा सापडतो, आणि तो प्रॉक्सी तयार होण्याची पट्टी पाहण्यात गेला तर त्या दिवशी एकही काप दिला जात नाही. शिवाय लहान चित्रात नजर फसते. डोळ्यांवर फोकस आहे की कानावर, हे मूळ फ्रेम पाहिल्याशिवाय नीट कळत नाही, आणि मुलाखतीत तर डोळेच महत्त्वाचे. भाचीला नवे यंत्र येईपर्यंत मी प्रॉक्सीच करून दिल्या. तिने त्यांच्यावर उत्तम काम केले, फक्त फोकस पाहण्यासाठी ती अधूनमधून मूळ क्लिपेवर जाई आणि पुन्हा थांबे.

एक्स्पोर्टबद्दल मात्र मला फारसे बोलावेसे वाटत नाही, जरी प्रोसेसरांची तुलना करणारे बहुतेक आलेख त्याचेच असतात. तेव्हा माणूस यंत्रासमोर नसला तरी चालते. एखाद्या प्रोसेसरला वीस मिनिटे लागतात आणि दुसऱ्याला बारा, तर ती आठ मिनिटे आपण दुसरीकडे घालवू शकतो. एवढे खरे की चिपवरचे ते छोटे यंत्र फीत संकुचितही करते आणि त्याच्याकडून एक्स्पोर्ट लवकर होतो, पण त्याच बिटरेटला, म्हणजे सेकंदाला तेवढ्याच जागेत, एक्स२६४ सारखा कोअरांवर निवांत चालणारा एन्कोडर (फीत संकुचित करणारा प्रोग्राम) सहसा अधिक स्वच्छ चित्र देतो. जी फीत पुढे जपून ठेवायची ती मी तशीच, सावकाश तयार करतो. त्या वेळी प्रोसेसर खरा तापतो. १२४०० चा नाममात्र आकडा ६५ वॉटचा, पण वेग चढवताना तो ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो, आणि हलक्या मदरबोर्डावर, खोक्यात आलेल्या छोट्या पंख्याखाली तो चढलेला वेग फार वेळ टिकत नाही. पंख्याचा प्रश्न मला वेगाहून अधिक आवाजासाठी महत्त्वाचा वाटतो. आईच्या त्या विरामात मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आणि तिचा श्वास आहे. शेजारी पंखा घोंघावत असेल तर तो श्वास कुठे संपतो ते ऐकू येत नाही. थोडा मोठा, हळू फिरणारा पंखा हा हौशी संकलकासाठी पैसे सत्कारणी लावणारा खर्च आहे.

कोणाच्या ओळखीत तसे यंत्र असेल तर घेण्याआधी त्यावर स्वतःच्या क्लिपा चालवून पाहाव्यात, दुसऱ्याच्या नमुन्याच्या नव्हे. जवळपास सगळ्या संकलन सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डवरचे 'एल' फीत पुढे चालवते, 'के' थांबवते आणि 'जे' उलट चालवते. मी सरळ 'जे' वर बोट ठेवतो. उलट चालवणे ही साखळीतल्या फ्रेमची सर्वांत कठीण परीक्षा असते, कारण प्रत्येक पाऊल मागे घेताना आधीची पूर्ण फ्रेम गाठून पुन्हा पुढे यावे लागते. पुढे चालताना गुळगुळीत दिसणारी कित्येक यंत्रे इथे धापा टाकतात. मग दोनदा 'जे' दाबून दुप्पट वेगाने, मग 'के' धरून 'जे' टिचकावत एकेक फ्रेम. बोलणाऱ्या माणसाचे ओठ असलेला भाग घ्यावा, म्हणजे एखादी फ्रेम गळली तर लगेच दिसते. त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये 'व्हिडिओ डीकोड'ची रेघ उठते आहे का, तेही पाहून घ्यावे.